घड्याळाखालची फळी

गिरधर पाटलानं घड्याळ आणलं ते बैलगाडीत आडवं निजवून. खाली कडब्याच्या पेंढ्या, वर बायकोच्या, दगूबाईच्या, हातच्या दोन गोधड्या. गाडी गावात शिरली तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी हातच जोडले. त्यांना वाटलं, नंदुरबारच्या दवाखान्यातून कुणाला तरी परत आणलं. गाडी पाटलाच्या दारात थांबली आणि गोधडीतून निघालं पुरुषभर उंचीचं लाकडी घड्याळ. मग काय, अर्धा गाव अंगणात गोळा झाला.

साल पंचावन्न किंवा छप्पन्न असेल. नंदुरबारच्या कुणा कापसाच्या जिनवाल्यानं धंदा आवरला आणि बंगल्यातलं सामान विकायला काढलं. गिरधर कापूस घेऊन गेला होता, येताना हे घेऊन आला. तापीकाठचा गुजर पाटील, घरी केळी, कापूस, विहिरीला पाणी. कशाची ददात नव्हती. माणूस वाईट नव्हता. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्यापलीकडचं त्याला दिसत नसे. असल्या माणसांच्या बायकांनाच त्याची खरी किंमत मोजावी लागते.

दगूबाईनं डोक्यावरचा पदर सावरत घड्याळाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"येले खावाले काय लागस?" तिनं विचारलं.

"काहीच नही. आठ दिनमा एकदाव चावी."

"मंग तुम्हनापेक्षा बरं शे," ती म्हणाली, आणि अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गिरधरही हसला. तेव्हा हसत असे तो.

आता घरातल्या बंगईबद्दल सांगायला हवं. बंगई म्हणजे घरातला झोपाळा. दगूबाईच्या बापानं लग्नात दिलेला. माणूस सहज आडवा होईल एवढी सागवानी फळी आणि चार पितळी कड्या, कड्यांमध्ये मधे मधे पोपट नि हत्ती ओतलेले. मधल्या खणाच्या तुळईला ती टांगलेली होती. दुपारची जेवणं आटोपली की दगूबाई तिच्यावर बसायची, एका पायाच्या अंगठ्यानं जमिनीला रेटा द्यायची, आणि झोका सुरू झाला की तिचं तोंड सुरू व्हायचं. म्हैस दूध चोरते आहे. शेजारच्या दोधूची सून माहेरी जाते म्हणून सांगते, पण जाते दुसरीकडेच. पहाटे स्वप्नात सासूबाई आल्या होत्या, ज्वारीचं कणीस मागत होत्या. नदीकडच्या वावरात यंदा भुईमूग घाला. गिरधर खाली खांबाला पाठ टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेला असे आणि मधून मधून 'हं' म्हणे. नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच, बंगईवर. ती वर, तो खाली. त्या 'हं'वर त्याचा संसार चालला आहे असं त्या काळात कुणी त्याला सांगितलं असतं, तर त्यानं अडकित्ता फेकून मारला असता.

घड्याळ बसवायला नंदुरबारहून एक घड्याळजी गाडीबरोबरच आला होता. त्याला शहाद्याची मोटार गाठायची घाई. भिंत मातीची, तिच्यात स्क्रू काही टिकेना. दोन ठिकाणी ढेपळं निघाल्यावर घड्याळजी वैतागला आणि त्यानं घड्याळ मधल्या खांबाला लोखंडी पट्टीनं जखडून टाकलं. खांब सागाचा, दोन हातांच्या कवेत न मावणारा. त्याच खांबावर तुळई आणि त्याच तुळईला बंगई. पण हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

खालची जमीन शेणानं सारवलेली, कुठं उंच कुठं खोल. घड्याळजीनं बांबूच्या पाचरी ठोकून घड्याळ उभं केलं, वजनं अडकवली, लंबकाला हात लावून सोडलं. मग गिरधरचा कान धरल्यासारखं त्याला जवळ ओढून म्हणाला, "ऐका. टिक आणि टक, दोन्हींमधलं अंतर सारखं पाहिजे. लंगडत चाललं, की पाचर ठोकायची. पुढं पळायला लागलं तर या गोळ्याखालची चक्री फिरवून गोळा खाली घ्यायचा, मागं पडलं तर वर. पण थोडी थोडी फिरवा. आणि हलू द्यायचं नाही त्याला." एवढं सांगून गडी मोटारीला पळाला.

झालं. त्या दिवसापासून गिरधरला दुसरा उद्योग उरला नाही.

समोरच्या मांगीलाल मारवाड्याच्या दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडत, तेव्हा गिरधर उंबऱ्यात उभा राहून एक कान दुकानाकडे आणि एक डोळा घड्याळाकडे लावी. कधी घड्याळ पुढं, कधी मागं, आणि कधी बंदच. तो चक्री फिरवी, पाचर ठोकी, पाचर काढी, जमिनीला कान लावून ऐके. दगूबाई सोमवारी घर सारवायची; ओल मुरली की घड्याळाचा एक पाय खचायचा आणि ते लंगडायला लागायचं. मग घड्याळाभोवती सारवायचं नाही असा हुकूम निघाला. सगळं घर सारवलेलं आणि मधेच हातभर कोरडी, उकरलेली जमीन. आल्यागेल्या बाईची नजर तिथंच जायची. दगूबाईला लाज वाटायची.

"पाटील," मांगीलाल दुकानातून ओरडे, "घड्याळ तुम्ही चालाडी ऱ्हायनात, का ते तुम्हले चालाडी ऱ्हायनं?"

गिरधरला ते झोंबे. कारण गावात आता सगळे त्याला वेळ विचारायला लागले होते आणि त्याच्या घड्याळाच्या नादी लागून दोघांची शहाद्याची मोटार हुकली होती. गुजर पाटलाच्या शब्दावर माणसाची मोटार हुकावी, हे त्याला मरणापेक्षा वाईट वाटलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी जातात, कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. दगूबाई लहानग्या लेकीला, सरलाला, घेऊन आपल्या माहेरी गेली. आणि काय आश्चर्य, घड्याळ सुतासारखं सरळ आलं! रेडिओचा ठोका आणि घड्याळाचा टोला एकदमच. गिरधर आनंदानं वेडा झाला. त्यानं मांगीलालला हाताला धरून घरात आणलं नि दाखवलं.

दगूबाई परत आली. दुपारी जेवली, बंगईवर बसली, माहेरच्या बातम्या साठवून आणल्या होत्या त्या सांगायला लागली. आणि सांगता सांगता घड्याळ बंद पडलं.

गिरधरनं अडकित्ता खाली ठेवला. बंगईकडे पाहिलं, तिथून कड्या चढत चढत तुळईकडे पाहिलं, तुळईवरून खांबाकडे आणि खांबावरून घड्याळाकडे. उठला नि खांबाला तळहात लावून उभा राहिला. "हालाव," तो म्हणाला. दगूबाईनं झोका घेतला. प्रत्येक झोक्याला खांब बारीकसा हुंकार दिल्यासारखा हलत होता. इतका बारीक, की हाताला कळेल पण डोळ्याला दिसणार नाही.

"सापडनं!" तो ओरडला. वर्षभराचा चोर सापडल्याचा आनंद होता तो. "बंगईवर बठत जाय, पन झोका लेऊ नको."

"मंग बठू कसाले?"

"बठाले म्हनीसन बठ. झोका लिधा का घड्याळ बंद पडस."

आता घड्याळ दुसऱ्या खांबाला हलवता आलं असतं. घरात खांबांची काय वाण होती? पण मधल्या खांबाचं घड्याळ दारातून, रस्त्यावरून दिसत होतं. लोक दारात न थांबताच वेळ बघून जात. ते सोडवेना. बायको झोका घ्यायची थांबेल, त्यात काय मोठंसं, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्याला काही वाटलंच नाही.

दगूबाई बसायला लागली, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून. बोलायला सुरुवात करायची. बोलण्याच्या भरात पाय आपोआप उचलला जायचा, बंगई कुरकुरायची आणि गिरधरची मान झटकन घड्याळाकडे वळायची. तो रागावायचा नाही. नुसता बघायचा. ती पाय टेकवायची, आणि मधेच तुटलेलं बोलणं पुन्हा जोडायचं राहून जायचं. असं चालता चालता तिचं बोलणं तुटक झालं. मग ती दुपारी नुसतीच बसायला लागली, पायांकडे लक्ष देत.

त्या पावसाळ्यात जमिनीला फार ओल आली. पाचरी कुजल्या, घड्याळ पुढं झुकलं. खाली एक जाडजूड, पाण्यानं न फुगणारी, सरळ फळी पाहिजे होती. दगूबाई निंदणीच्या बायांबरोबर वावरात गेली होती. गिरधरनं सालदार गडी सुरुपसिंगला हाक मारली आणि दोघांनी बंगईची फळी सोडवली.

"पाटलीनबाईले इचारं का?" सुरुपसिंगनं कडी हातात धरून विचारलं.

"त्यामा काय इचारानं शे? तशी बी ती झोका लेत नही."

फळी घड्याळाखाली अशी बसली, जणू तिच्यासाठीच कापली होती. टिक आणि टक, सारखं. संध्याकाळी दगूबाई आली. तुळईवरून चार पितळी कड्या मोकळ्या लोंबत होत्या.  तिनं उंच तिवई घेतली, तिच्यावर चढली, एकेक कडी काढली, चिंचेनं घासून धुतली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवली.

"घड्याळ नीट चाली ना आते?" तिनं विचारलं.

"हां."

"मंग बरं व्हयनं."

रात्रीच्या जेवणात भाजीला मीठ बरोबर होतं, भाकरी नेहमीसारखी फुगलेली होती. राग कुठंच नव्हता. राग असता तर त्याला कळला तरी असता.

पुढची वर्षं गिरधरच्या मिरवण्याची. शाळेचा मास्तर घंटेची वेळ जुळवायला येऊ लागला. लग्नात अक्षता पडायच्या आधी भटजी मुलाला पिटाळत, पाटलाच्या घड्याळात बघून ये. "किती वाजनात, पाटील?" हा प्रश्न कानावर पडला की त्याची छाती फुगे. घरात दुपारी नुसतं टिक टक ऐकू यायचं आणि त्याला ते सुखाचं वाटायचं. दगूबाई मागच्या दारी तुळशीपाशी दगडावर बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची. जेवण वाढू का, गाय व्यायली, सरलाला स्थळ सांगून आलंय. कामापुरतं. गिरधरच्या 'हं'ला घरात काही काम उरलं नव्हतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

सरलाचं लग्न झालं, नदीपलीकडच्या गावी दिली. दिवस बदलले. पोरांच्या मनगटावर घड्याळं आली, मांगीलालच्या पोरानं ट्रान्झिस्टर आणला, मास्तरांच्या टेबलावर गजराचं घड्याळ आलं. हळूहळू पाटलाच्या दारात वेळ विचारायला कुणी थांबेना. मग गिरधर पुन्हा खांबाला टेकून सुपारी कातरत बसायला लागला. आणि एके दुपारी, अडकित्ता चालवता चालवता, तो सवयीनं म्हणाला, "हं."

समोर कुणी नव्हतं. कुणी काही बोललंच नव्हतं.

तो एकदम ओशाळला. दगूबाईला हाक मारून म्हणाला, "म्हैसनं काय म्हननं शे?"

"बरी शे," ती म्हणाली आणि काही हवंय का म्हणून वाट बघत उभी राहिली. काही नको म्हटल्यावर गेली. आपलं काहीतरी हरवलंय हे त्याला कळलं, पण काय हरवलं ते सापडेना. असा माणूस काय करणार? त्यानं घड्याळाला तेल घातलं.

सरलाला प्रवास झेपणार नाही म्हणून तिच्या पहिल्या बाळंतपणाला दगूबाईच तिच्याकडे जाऊन राहिली. परत आली ती दमून. त्यानंतर तिचं दुखणं निघालं. पाय सुजायचे, दोन पावलं टाकली की धाप लागायची. शहाद्याचा डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, कामाला हात लावू देऊ नका. सरला तान्ह्याला घेऊन सेवेला आली. आठवडाभर तिनं बघितलं आणि एका दुपारी बापासमोर येऊन बसली.

"बापू, माय आठे काही बोलस का?"

"आजारी शे ती. काय बोली?"

"आजारीनं नका सांगू माले. मन्हा घर व्हती तवय दुपार व्हयनी का आम्हनी बंगईवर बठे, नि बोले, बोले, बोले. मन्हा सासूनं काम खोळंबे."

गिरधरचा अडकित्ता थांबला. "काय बोले?"

"तुम्हनंच. दुसरं काय शे तिनाकडे? तुम्ही टायफॉइडमा पडनात तवय ती कोना कोना पाया पडनी ते. वरला वावरमा केळी कसाले जळनी ते. तिले आधीच समजनं व्हतं, तठे खाले खडक शे. तुम्हले सांगानं व्हतं, पन सांगाले जागाच नही ऱ्हायनी, म्हने."

"जागा?" गिरधर म्हणाला, "इतलं मोठं घर..." आणि त्याची नजर वर, रिकाम्या तुळईकडे गेली.

"मन्ही सासू तिले इचारे, सगळं आम्हले कसाले सांगस माय? तर म्हने, तुम्ही आयकतस ते ठीक शे, पन तुम्ही 'हं' नही म्हनतस."

सरलानं डोळे पुसले नि आत गेली.  गिरधरच्या डोक्यावर घड्याळ चालू होतं, टिक आणि टक, सारखं, कुठं लंगडत नव्हतं. त्याला घड्याळाचा इतका संताप आला की हातातला अडकित्ता त्यानं काचेवर उगारला. पण मग हात खाली आला. घड्याळाचा काय गुन्हा? त्यानं कधी सांगितलं होतं, बायकोची फळी माझ्या पायाखाली घाल म्हणून? आपणच घातली. विचारलंसुद्धा नाही. सुरुपसिंगनं विचारलं होतं, आपण नाही. दुसऱ्या खांबाला चार हातांवर हलवायचं तेवढं जमलं नाही, दारातून दिसलं पाहिजे म्हणून. गिरधर पाटील गुडघ्यात डोकं घालून रडला. उशीर झाला होता हे त्याला कळत होतं, आणि किती उशीर, हे सांगणारं कुठलंच घड्याळ त्याच्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं सुरुपसिंगला बोलावलं. तोही आता पिकला होता. दोघांनी पट्टी सोडली, वजनं उतरवली, लंबक काढला आणि घड्याळ उचलून गोठ्यात नेलं, कडब्यावर आडवं निजवलं. फळी मोकळी झाली. घड्याळाच्या पायांच्या खोल खुणा तिच्यावर उमटल्या होत्या. किती घासल्या तरी गेल्या नाहीत.

सरलानं आईच्या पेटीतून लुगड्याचं बोचकं काढून दिलं. कड्या काळ्या पडल्या असतील असं गिरधरला वाटलं होतं. गाठ सोडली तर पोपट आणि हत्ती लखलखत होते. म्हणजे ती दर दिवाळीला त्या घासत होती. घरातल्या घरात, त्याच्या पाठीमागे.

दुपारी त्यांनी दगूबाईला दोन्ही बाजूंनी धरून आणलं आणि बंगईवर बसवलं. फळीवर सरलानं गोधडी अंथरली होती. दगूबाईनं कडीवरून हात फिरवला, हत्तीवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सरला मुलाला घेऊन मुद्दाम मागच्या दारी गेली.

गिरधर खांबाला पाठ टेकून खाली बसला. सुपारी काढली. कातरायला लागला. वाट बघत राहिला.

बंगई हलेना. त्यानं बघितलं तर दगूबाईचे सुजलेले पाय जमिनीला घट्ट टेकलेले होते.

"झोका ले ना," तो म्हणाला.

"नको. बंद पडी जाई."

"काय बंद पडी? घड्याळ आठे नही शे. गोठामा टाकं. देख, खांब मोकळा शे."

तिनं खांबाकडे पाहिलं. पट्टीच्या खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. "माले दिसनं," ती हलकेच म्हणाली, "पन पायसले सवय पडी गयी."

तो उठला. फळीला हात लावून त्यानं स्वतःच एक झोका दिला. बंगई कुरकुरली, पितळ किणकिणलं, जुना आवाज घरात घुमला. एक झोका गेला, दुसरा गेला. मग दगूबाईची नजर खांबाकडे वळली आणि पाय आपोआप खाली आले. बंगई थांबली. ती त्याच्याकडे अपराध्यासारखी बघत होती. तिनं अपराध्यासारखं बघावं, हे त्याला सहन होईना.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "नुसती बठ. पन काहीतरी बोल. मी आयकी ऱ्हायनू."

दगूबाईनं मान हलवली. त्याचं मन राखायचं तिच्या मनात होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आठवायला लागली. म्हैस, दोधूची सून, वावर, स्वप्नं... कुठूनतरी एखादा धागा सापडतो का, ते शोधत राहिली.  अडकित्ता हातात धरून गिरधर 'हं' म्हणायला तयार होऊन बसला होता.

शेवटी ती म्हणाली,

"किती वाजनात?"

"म्हाईत नही," गिरधर म्हणाला.

"हं," दगूबाई म्हणाली, आणि पाय टेकवून तशीच बसून राहिली.